चेन्नई: घर कुठे बांधायचं?

डिसेंबर 2015 च्या पुरात अड्यार नदीकाठच्या झोपड्या वाहून गेल्या. चेंबरंबाक्कम तलावाचं पाणी सोडल्यावर नदी फुगली आणि एका रात्रीत शहरात शिरली. त्यानंतर अड्यार आणि कूवम या दोन्ही नद्यांच्या काठावरच्या हजारो कुटुंबांना सरकारने उचललं आणि चेन्नई सेंट्रलपासून पंचवीसेक किलोमीटरवर, पेरुंबाक्कमच्या आठ मजली इमारतींत नेऊन ठेवलं. नदीकाठ धोक्याचा, म्हणून हे स्थलांतर, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. पण पेरुंबाक्कम आहे पल्लीकरणैच्या दलदलीच्या कडेला, आणि दक्षिण चेन्नईच्या मोठ्या भागात पडलेला पाऊस वाहत येतो तो तिथेच. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळ आलं तेव्हा पेरुंबाक्कमच्या रस्त्यांवर पाणी साचलं, वीज गेली आणि वरच्या मजल्यांवरची माणसं घरातच अडकली. पुरातून सोडवून आणलेल्यांना पुराच्याच वाटेवर घर मिळालं होतं.

शाश्वत घरबांधणीवरच्या चर्चासत्रांत सौरऊर्जा, हरित मानांकन, राखेच्या विटा यांवर भरपूर बोललं जातं. ते सगळं असावंच. मात्र चेन्नईचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा अनुभव पाहिला की घर कशाचं बांधलं याला फारसं महत्त्व उरत नाही. ते कोणत्या जमिनीवर बांधलं, तिथून कामाला जायला किती वेळ लागतो आणि ती जमीन आधी कोणाच्या ताब्यात होती, माणसाच्या की पाण्याच्या, यावर पुढचं सगळं ठरतं.

1967 मध्ये द्रमुक सत्तेवर आला तेव्हा मद्रासच्या झोपडपट्ट्यांत आगी लागणं नित्याचं होतं. ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, एक पेटली की सगळी रांग जायची. अण्णादुराईंच्या सरकारने आग न लागणाऱ्या झोपड्यांची योजना आणली. त्यांच्यामागून आलेल्या करुणानिधींनी 1970 मध्ये झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन केलं. गरिबाच्या हसण्यात देव पाहू, अशा अर्थाचं या मंडळाचं ब्रीद होतं, आणि सात वर्षांत शहर झोपडपट्टीमुक्त करायचं असा संकल्प. सात वर्षांचे संकल्प कुठे जातात हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तरी त्या पहिल्या काळातली एक गोष्ट आज मोलाची वाटते. मंडळाने झोपडपट्टी जिथे होती तिथेच, शहराच्या आत, तीन-चार मजली गाळे बांधले. ते लहान होते, पुढे त्यांची देखभाल झाली नाही, पण माणूस आपल्या कामापासून तुटला नाही.

1971 च्या कायद्याने झोपडपट्टी ‘घोषित’ करण्याची तरतूद झाली. घोषित वस्तीला कायद्याचं थोडं तरी संरक्षण, पाणी आणि शौचालयावर हक्क. त्या वेळच्या पाहणीनंतर मद्रासमध्ये 1,202 वस्त्या घोषित झाल्या, 1985 मध्ये आणखी 17. पुढे ही यादी वाढलीच नाही. वस्त्या वाढत राहिल्या, पण कागदावर त्या नव्हत्या. नदीकाठी, कालव्याकाठी, रेल्वेकाठी नंतर वसलेले सगळे ‘आक्षेपार्ह जागेवरचे’ ठरले आणि त्यांना हलवणं सोपं झालं. मंडळाचं नाव 2021 मध्ये बदलून ‘नागरी निवास विकास मंडळ’ झालं. निर्मूलन हा शब्द गेला हे चांगलंच झालं, पण यादी तिथेच आहे.

याच 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा खटला म्हणून आपल्याकडे तो माहीत आहे. त्याच सुमाराला त्याच न्यायालयासमोर मद्रासच्या झोपडपट्टीवासीयांचंही प्रकरण होतं आणि ते नेणारे होते के. चंद्रू, पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले ते, ‘जय भीम’ चित्रपटामुळे देशभर ओळखले गेले ते. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. रीतसर नोटीस देऊन हलवायलाही हरकत नाही, हेही मान्य केलं. पुढच्या चाळीस वर्षांत दोन्ही शहरांच्या सरकारांनी दुसरं वाक्य जास्त मनावर घेतलं.

मधला एक टप्पा मात्र वेगळा होता, आणि माझ्या मते चेन्नईने घरांच्या बाबतीत केलेलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. 1977 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मद्रास नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. बँकेचं म्हणणं होतं की सरकारने बांधलेले गाळे महाग पडतात आणि थोड्यांनाच मिळतात, तेव्हा घर बांधू नका. जमीन आखा, रस्ता, पाणी, गटार, वीज द्या, प्रत्येक भूखंडावर शौचालयापुरतं बांधकाम करा आणि लहान लहान भूखंड हप्त्याने विका. घर लोक बांधतील. अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम आणि कोडुंगैयूर इथे अशा वसाहती आखल्या गेल्या. सगळ्यात लहान भूखंड चाळीस चौरस मीटरच्या आसपासचा. मोठे भूखंड आणि दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून त्या पैशातून गरिबांचे भूखंड स्वस्त केले गेले. आपल्याकडे चारकोप, गोराई, मालवणी या वसाहती याच पठडीतल्या, 1985 नंतरच्या.

या प्रकल्पांवर तेव्हा टीका पुष्कळ झाली. भूखंड ओस पडले, गरिबांनी ते विकून टाकले, मध्यमवर्गीय घुसले, असे अहवाल लिहिले गेले आणि बँकेनेही हा नाद सोडला. वीस-पंचवीस वर्षांनी अभ्यासक परत चेन्नई-मुंबईच्या या वसाहतींत गेले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाच्या शीर्षकातच प्रश्न होता: ज्याला आपण अपयश म्हणालो ते यश होतं का? ओस म्हणून नोंदलेल्या जागा दाट, नांदत्या वस्त्या झाल्या होत्या आणि त्यांत वेगवेगळ्या उत्पन्नाचे लोक शेजारी शेजारी राहत होते.

अरुंबाक्कमच्या आतल्या गल्लीत उभं राहिलं की हे कसं घडलं ते डोळ्यांनी दिसतं. चाळीस चौरस मीटरचा तुकडा, कडेपासून कडेपर्यंत बांधलेला. खाली एका बाजूला इस्त्रीवाल्याचं किंवा किराण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला मालक. बाहेरून चढणारा अरुंद जिना. वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्याच्या वर नंतर कधीतरी, मुलाच्या लग्नाच्या वेळी, चढवलेली खोली. भिंतीवर विजेचे तीन-चार मीटर ओळीने. वास्तुरचनाकाराला दाखवावं असं यात काही नाही. पण घर कुटुंबाबरोबर वाढलं आणि सरकारला एक पैसा खर्च न होता त्याच जमिनीवर आणखी कुटुंबं भाड्याने राहू लागली. गरिबाने भूखंड विकला असेल तर त्याला त्याची किंमत तरी मिळाली. मुंबईत झोपु योजनेतली सदनिका विकणाऱ्यावर आपण जसे तुटून पडतो, तसं इथेही झालं. घर विकण्याचा हक्क फक्त श्रीमंतांनाच असावा, असं मानण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

हा मार्ग सोडून सरकार पुन्हा गाळ्यांकडे वळलं. फरक एवढाच की आता गाळे शहराच्या बाहेर होते. शहरातली जमीन महागली, उड्डाणपूल, उन्नत रेल्वे, नदी सुशोभीकरण यांसाठी काठ मोकळे करायचे होते आणि दक्षिणेला स्वस्त सरकारी जमीन पडून होती. 2000 पासून ओक्कियम तोरैपाक्कमला कण्णगी नगर उभं राहिलं, पंधरा हजारांहून अधिक घरांचं. सुरुवातीची घरं दोनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. मग 2004 च्या त्सुनामीनंतर सेम्मंचेरी, जिथे समुद्रकाठचे मच्छीमार समुद्रापासून दूर नेले गेले. मग पेरुंबाक्कम. कूवमच्या काठावरून एकट्या नदी प्रकल्पासाठी चौदा हजारांहून अधिक कुटुंबं हलवायची यादी झाली.

मुंबईच्या वाचकाला माहुल आठवेल. तानसा जलवाहिनीकाठच्या लोकांना रिफायनरीच्या धुरात नेऊन टाकलं आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. चेन्नईत हवा विषारी नव्हती. अंतर होतं. मैलापूर, मंदैवेळीच्या चार घरी धुणीभांडी करणारी बाई पेरुंबाक्कमहून निघते तेव्हा अंधार असतो. पहिल्या घरी उशीर झाला की चौथं घर सुटतं. पूर्वी ती चालत जायची. नवऱ्याचं हातगाडीवरचं काम, मुलांची पालिकेची शाळा, उधार देणारा दुकानदार, सगळं मागे राहतं. आठ मजल्यांना लिफ्ट हवी, लिफ्टला देखभाल आणि पंपाला वीज, आणि या सगळ्याचा दरमहा खर्च ज्याचं काम सुटलंय त्यानेच भरायचा. मे 2022 मध्ये राजा अण्णामलैपुरमच्या गोविंदस्वामी नगरातल्या, बकिंगहॅम कालव्याकाठच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने पाडायला घेतल्या तेव्हा तिथल्या एका वृद्धाने स्वतःला पेटवून घेतलं आणि तो मेला. ‘घर मिळत असताना लोक जात का नाहीत’ असं विचारणाऱ्यांनी पहाटेची ती बस एकदा धरून पाहावी.

बसचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं की 2021 पासून तमिळनाडूत साध्या बसने स्त्रियांना फुकट प्रवास आहे. खैरात म्हणून तिची टिंगल झाली. माझ्या हिशेबाने दूरवरच्या वसाहतींसाठी गेल्या वीस वर्षांत झालेली ही सर्वांत उपयोगी तरतूद, आणि ती गृहनिर्माण खात्याने केलेली नाही.

कण्णगी नगरबद्दल बाहेर बोललं जातं ते गुन्हेगारीच्या संदर्भात. पत्ता सांगितला की नोकरी मिळत नाही, अशी तिथल्या तरुणांची तक्रार जुनी आहे. 2020 मध्ये तिथल्या इमारतींवर मोठी भित्तिचित्रं काढली गेली आणि वर्तमानपत्रांत सुंदर फोटो आले. चित्रं सुंदर आहेत, यात वाद नाही. पण 2025 मध्ये याच वस्तीतली कार्तिका ही मुलगी बहरीनच्या आशियाई युवा स्पर्धेत भारताच्या कबड्डी संघातून सुवर्णपदक घेऊन आली, तेव्हा त्या नावाला आलेलं वजन वेगळं होतं.

आता पाण्याकडे. कारण चेन्नईत जमिनीचा प्रश्न शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो.

हा प्रदेश जवळपास सपाट, समुद्राकडे किंचित उतरता. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर, तोही काही दिवसांत धो धो. जुन्या लोकांनी त्याचा तोडगा काढला होता. मातीचा लांब बांध घालून अडवलेले उथळ तलाव, ज्यांना तिथे एरी म्हणतात, एकाखाली एक अशा साखळीत. वरची एरी भरली की सांडव्यावरून पाणी खालच्या एरीत, तिथून पुढच्या, आणि शेवटी दलदलीत. दलदल म्हणजे या साखळीचा शेवटचा हौद. पल्लीकरणैला सुमारे अडीचशे चौरस किलोमीटरचं पाणी येतं आणि ओक्कियम मडुवु नावाच्या अरुंद ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात, तिथून कोवलमच्या खाडीतून समुद्रात जातं. कण्णगी नगर त्या ओढ्याला खेटून आहे.

एरी वर्षातले सात-आठ महिने कोरडी असते. कोरडी एरी म्हणजे सरकारला पडीक जमीन दिसते. 1920 च्या दशकात मांबलमचा लांबलचक तलाव बुजवून त्यागराय नगर वसवलं गेलं, आज साड्यांच्या आणि दागिन्यांच्या खरेदीसाठी सारा देश जिथे जातो ते टी. नगर. नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागी वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. पुढे गृहनिर्माण मंडळाने तर तळ्यांच्या पोटात रीतसर वसाहती आखल्या, आणि लपवाछपवी न करता. मोगप्पैरमध्ये आजही पोस्टाच्या पत्त्यात ‘एरी स्कीम’ लिहितात. पल्लीकरणैत राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आणि पवनऊर्जा संस्था बांधल्या गेल्या, पेरुंगुडीला शहराचा कचरा टाकला गेला, रेल्वे आली, रस्ते आले. एकेकाळी पाच हजार हेक्टरच्या वर पसरलेली दलदल आक्रसत गेली. 2022 मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला तो सुमारे 1,248 हेक्टरसाठी. 2025 मध्ये हरित लवादाने तिच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत नव्या बांधकामांना परवानग्या देण्यास रोखलं, आणि मग बिल्डरांच्या संघटनांना दलदलीचं शास्त्र समजून घ्यावंसं वाटू लागलं.

तळी वाचवण्यासाठी 2007 मध्ये राज्याने वेगळा कायदा केला. त्याचा बडगा पडतो तळ्याकाठच्या झोपड्यांवर. एरी स्कीममधल्या पक्क्या घरांना हात लागत नाही, आणि लागूही नये, कारण त्यांनी सरकारकडूनच जमीन विकत घेतली आहे. पण मग झोपडीवाल्याला ‘तू पाणी अडवलंस’ असं सांगताना शासनाने थोडं ओशाळायला हवं.

पाणी बुजवण्याची दुसरी बाजू 2019 च्या उन्हाळ्यात दिसली. पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय आटले. जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी मिरजेहून लातूरला ‘जलदूत’ धावली होती, तीच गोष्ट, फक्त समुद्रकाठच्या महानगरात. टँकरवर जगणाऱ्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या टोलेजंग संकुलांचे हाल झोपडपट्टीपेक्षा फार निराळे नव्हते. छतावरचं पाणी जमिनीत मुरवणं प्रत्येक इमारतीला 2003 पासून सक्तीचं आहे. जयललितांनी ते दंडुका घेऊन राबवलं, आणि भूजल वर आलेलं लोकांनी पाहिलं. पुढे शोषखड्डे गाळाने भरले आणि कोणी फिरकलं नाही. मिंजूर आणि नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आले आहेत. ते लागतील, पण ती वीज खाणारी, महागडी सोय आहे. पाऊस फुकट साठवणाऱ्या तळ्यात घरं बांधायची आणि मग समुद्र गाळायचा, हा व्यवहार किराणा दुकानदारही करणार नाही.

मध्यमवर्गाची चेन्नई वेगळ्या नियमांवर चालते, आणि त्यातलं एक महाराष्ट्राने उचलावं असं आहे. इथे जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात, एक ग्राउंड म्हणजे 2,400 चौरस फूट. फ्लॅट घेणाऱ्याच्या नावावर त्या जमिनीतला अविभक्त हिस्सा खरेदीखतानेच चढतो. सगळे त्याला ‘यूडीएस’ म्हणतात, आणि जुन्या फ्लॅटची जाहिरात वाचली तर खोल्यांच्या आधी यूडीएस किती ते लिहिलेलं असतं. मुंबई-पुण्यात इमारत पन्नास वर्षांची झाली तरी जमीन बिल्डरच्या नावावर आणि सोसायटी कन्व्हेयन्ससाठी हेलपाटे घालते आहे, हे चेन्नईकराला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. त्यांची अडचण उलटी होती. जमीन सगळ्यांची, म्हणून एकाने अडवलं तरी पुनर्विकास अडायचा. 2022 च्या नव्या कायद्याने दोनतृतीयांश मालकांची संमती पुरेशी ठरवली. 2019 च्या विकास नियमांनी मूळ चटईक्षेत्र निर्देशांक दीडवरून दोनवर नेला. अड्यार, बेसंट नगर, मैलापूरच्या तीन मजली इमारती आता पाच मजली होत आहेत. गटारं आणि झाडांची काळजी घेतली तर यात वाईट काही नाही. शहर बाहेर पसरण्यापेक्षा आत दाटलेलं बरं. गोम अशी की ही दाटी फक्त सुखवस्तू घरांची आहे. दोनशे चौरस फुटांत राहू शकणाऱ्याला अड्यारमध्ये यायला कायदेशीर वाट नाही.

भाड्याची घरं सगळ्यांनी दुर्लक्षिली. दहा महिन्यांचं भाडं ‘ॲडव्हान्स’ म्हणून घ्यायची चेन्नईची रीत. 2017 च्या कायद्याने तीन महिन्यांची मर्यादा घातली खरी, पण ‘वेगळा करार नसेल तर’ ही पळवाट ठेवून. कामगारांसाठी एक नवा प्रयोग श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगलला झाला. 2024 मध्ये सिपकॉट या सरकारी महामंडळाने फॉक्सकॉनच्या कामगार मुलींसाठी 18,720 खाटांचं वसतिगृह उभारलं. कारखान्याजवळ राहायची सोय हवीच. पण नोकरी गेली की खाट गेली, आणि लग्न झालं की मुलीने कुठे जायचं, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

बांधकामाच्या नव्या तंत्राचंही चेन्नईत प्रात्यक्षिक झालं. केंद्राच्या सहा ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांपैकी एक इथे, 1,152 घरांचा, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांतून जोडलेला. मे 2022 मध्ये पंतप्रधानांनी त्याचं उद्‌घाटन केलं. काम झपाट्याने झालं, राडारोडा कमी निघाला. पत्ता मात्र पुन्हा पेरुंबाक्कमच. तंत्रापेक्षा साधी गोष्ट आधी नीट व्हावी: पुळियंतोपमधल्या के. पी. पार्कच्या नव्याकोऱ्या गाळ्यांचा गिलावा 2021 मध्ये हाताने खरवडला तरी निघत होता आणि साऱ्या राज्याने ते टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिरुवोट्रियूरला मंडळाची जुनी इमारत कोसळली. रहिवासी वेळीच बाहेर पडल्याने वाचले. उन्हाचं म्हणाल तर या शहराला त्याचं उत्तर ठाऊक होतं. सागवानी तुळयांवर विटा उभ्या रचून, चुन्यात बांधून केलेलं ‘मद्रास टेरेस’ छत आणि आजही काँक्रीटच्या स्लॅबवर घालतात तो विटांच्या खडीचा व चुन्याचा थर. सरकारी गाळ्यांच्या वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये रात्री झोपून पाहिलं की तो थर कुठे वाचवला गेला ते कळतं.

सत्तरच्या दशकातले ते शहराच्या आतले मोडकळीस आलेले गाळे आता पाडून पुन्हा बांधले जात आहेत, त्याच जागी, जास्त घरांसह. चेन्नईच्या हातात आज असलेली सर्वांत मौल्यवान जमीन हीच, कारण ती मंडळाच्या मालकीची आहे, मोक्याची आहे आणि तिथल्या माणसांना कुठे पाठवावं लागत नाही. उंच इमारतींकडून घेतला जाणारा निवारा अधिभार इथे लावला, तर पेरुंबाक्कमसारखी वसाहत पुन्हा बांधायची वेळ येणार नाही. तेवढ्याने भागणार नाही हेही खरं. अरुंबाक्कमसारखे आखीव लहान भूखंड पुन्हा लागतील, आणि त्यासाठी शहराला जमीन महागण्याआधी ती घेऊन ठेवावी लागेल.

इथेच घोडं अडलं आहे. दुसऱ्या विकास आराखड्याची मुदत 2026 पर्यंतची. 2022 मध्ये महानगर प्रदेश 1,189 चौरस किलोमीटरवरून 5,904 वर नेला गेला आणि 2046 पर्यंतच्या तिसऱ्या आराखड्याचं काम सुरू झालं. चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूरकडच्या त्या गावांत आराखडा पोचण्याआधी दलाल पोचले आहेत. भाताच्या खाचरांत दगड रोवून सेंट या तिथल्या जमिनीच्या मापाने प्लॉट विकले जातात, ना रस्ता, ना गटार, आणि खाचराला पाणी देणाऱ्या एरीचा कालवा कुठल्या तरी प्लॉटखाली. 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशा विनापरवाना प्लॉटची नोंदणी थांबवली, तर 2017 मध्ये सरकारने शुल्क घेऊन ते नियमित करण्याचे नियम आणले. आपला 2001 चा गुंठेवारी कायदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना पुढचे हप्ते पाठ असतील. नियमितीकरणाची मुदत वाढते, मग आणखी वाढते, आणि त्या भरवशावर पुढच्या शेतात दगड रोवले जातात. कालव्यावरच्या प्लॉटचंही शुल्क भरून घेतलं जाणार की तो कालवा आधी नकाशावर येणार, हे आराखड्याचा मसुदा हाती येईल तेव्हा प्रत्येक गावाच्या पानावर तपासावं लागेल.